मदत हवी आहे: मंजूर वर्कलोडपेक्षा (अध्यापनाच्या कार्यभारापेक्षा) जास्त घेतलेल्या तासिकांचं मानधन मिळतं का?

नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. सहायक प्राध्यापक, नोकरीचं अकरावं वर्ष. विभागात दोन पदं. आमचे सर 31 मे रोजी निवृत्त झाले, तेव्हापासून विभागात मी एकटी.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. हे घड्याळी तास. आमची तासिका 48 मिनिटांची, म्हणजे 20 तासिका. मी सध्या 28 घेते आहे. जूनमध्ये प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सीएचबीची जाहिरात निघेपर्यंत सांभाळून घ्या." (सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, तासाच्या दराने होणारी शिक्षकाची नेमणूक.) मी लगेच हो म्हटलं. टी.वाय.ची मुलं समोर बसलेली, त्यांना वाऱ्यावर कसं सोडणार? आता दुसरं सत्र सुरू झालं, जाहिरातीचा पत्ता नाही.

स्टाफरूमबाहेर टाइमटेबल लावलंय, त्यात माझ्या 20 तासिका छापलेल्या आहेत आणि उरलेल्या 8 पेन्सिलीने लिहिलेल्या. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. गुरुवारी सलग सहा तासिका असतात. पाचव्या तासाला आवाज बसतो, मग मी फळ्यावर मागणीचा वक्र काढते आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगते. तेवढीच घशाला विश्रांती. त्या मुलांना पहिल्या तासाच्या मुलांइतकं शिकवणं माझ्याकडून होत नाही, आणि ते मला टोचतं.

याशिवाय दुपारी विनाअनुदानित बी.कॉम.च्या तुकडीवर 4 तासिका आहेत. पहिल्या सत्रात व्हाउचरवर सही घेऊन तासिकेला 150 रुपये दिले. या सत्रात तेही बंद. विचारलं तर ऑफिसात उत्तर मिळालं, "तुम्हाला सातवा वेतन आयोग आहे ना?" प्राचार्य म्हणतात, आठवड्याचे 40 तास धरले तर यात जादा काहीच नाही.

त्या 8 तासिकांचं मानधन मला मागता येईल का? विनाअनुदानित तुकडीचे पैसे कुणी द्यायचे? आणि संबंध न बिघडवता हे लेखी कसं मांडावं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

जुना_फळा:
मॅडम, 40 तासांचा मुद्दा आधी खोडून काढा. ते 40 तास एकूण कामाचे. तयारी, परीक्षा, संशोधन, प्रवेश समिती, सगळं त्यात येतं. प्रत्यक्ष अध्यापनाचे 16 तास त्याच नियमांत वेगळे दिले आहेत, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना 14. तुमचे 28 तासिकांचेच 22 तास 24 मिनिटं होतात. हा हिशोब अर्जात जसाच्या तसा लिहा.

पण शासनाच्या अनुदानातून या 8 तासिकांचे पैसे मिळतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. सीएचबीची मान्यता रिक्त पदाच्या वर्कलोडवर बाहेरून माणूस नेमण्यासाठी असते, पूर्ण वेतनावरच्या शिक्षकासाठी नाही. मी स्वतः दोन वर्षं पत्रव्यवहार करून पाहिलाय, हाती काही लागलं नाही.

सेट_पास:
मॅडम, राग मानू नका, पण मला बोलायलाच हवं. मी सात वर्षं सीएचबीवर आहे. पदवीला घड्याळी तासाला 900 रुपये दर आहे, पण 48 मिनिटांच्या तासिकेला हातात पडतात 720. आठवड्याला जेमतेम 9 तास मिळतात, सुट्टी लागली की तेही नाहीत. तुमच्या विभागातल्या त्या पेन्सिलीच्या 8 तासिका माझ्यासारख्या कुणाच्या तरी घरचा किराणा आहेत. तुम्ही चांगुलपणाने वर्ग सांभाळता, म्हणून संस्थेला जाहिरातीची घाई नाही. उद्या वर्कलोड तपासणीत विभागाचं काम एका शिक्षकात भागतंय असं दिसलं, तर दुसरं पद मागायचं कशाच्या आधारावर?

जुना_फळा:
अगदी बरोबर. मॅडम, मानधनाच्या आधी वर्कलोड मागा. विभागाचा एकूण वर्कलोड, त्यातल्या तुमच्या 20 तासिका, बाकी रिक्त पदाच्या, असा तक्ता करून प्राचार्यांना द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. शेवटी एवढंच लिहा की रिक्त पदाच्या तासिका विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून तात्पुरत्या घेत आहे, तरी नेमणुकीचा प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे पाठवावा. यात भांडणाचा सूर नाही, पण नोंद पक्की होते. रोजच्या अध्यापन डायरीत त्या 8 तासिका वेगळ्या शाईने लिहा.

विनाअनुदानित तुकडीचा खर्च तिच्या फीमधून, म्हणजे संस्थेने करायचा. तिथे हक्काने मागा. तोंडी आदेशावर एकही तासिका घेऊ नका. नेमणुकीचं पत्र आणि दर लेखी मागा. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यावर शिक्षकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. त्यांच्यामार्फत दराचा विषय बैठकीत घ्यायला लावा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. सेट_पास, राग कसला? तुमचं वाचून मी रात्रभर त्याच विचारात होते. माझ्या थकव्यापलीकडे मी पाहिलंच नव्हतं. आज टाइमटेबलचा फोटो काढून ठेवला आणि तक्ता करायला घेतलाय. एफ.वाय.च्या नव्या अभ्यासक्रमातल्या ओपन इलेक्टिव्हच्या (इतर शाखांतून निवडायच्या ऐच्छिक विषयाच्या) तासिका कुणाच्या खात्यात धरायच्या, तिथे अडले आहे. आमच्याकडे त्या तीन विभागांत वाटल्या आहेत. असा तक्ता कुणी यंदा सादर केला असेल तर त्याचा नुसता नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? सोमवारी प्राचार्यांना द्यायचा आहे.