मदत हवी आहे : ग्रेट डेन लंगडतोय, कॅल्शियम वाढवू का?

रानवारा : कृपया लवकर सांगा. आमचा कुत्रा ब्रूनो तीन दिवस लंगडतोय. पडला नाही, धडपडला नाही. डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीय. तोवर कॅल्शियमचं सिरप वाढवलं तर चालेल ना? किती एमएल? ज्यांनी ग्रेट डेन पाळलाय त्यांनीच लिहा.

कोवळं ऊन : वय? वजन? पुढचा पाय की मागचा? खायला काय देता? आणि 'वाढवलं तर' म्हणजे आधीपासून देताय का?

बुरुज : बिनधास्त वाढवा. आमच्या सेंट बर्नार्डला वर्षभर दिलं, हाडं दणकट झाली. एवढा देह पेलायचा तर कॅल्शियम लागणारच.

पानगळ : बुरुज, असं सांगू नका हो. या जातींच्या पिल्लांना कमतरतेपेक्षा जास्तीच्या कॅल्शियमनेच अपाय होताना दिसतो. लहान पिल्लाच्या आतड्याला शोषण आवरता येत नाही, मग हाडांची वाढ बिघडते. आमच्या पहिल्या डेनचे पुढचे पाय असेच वाकले. सिरप मीच हौसेने पाजत होते. अजून जीव तुटतो.

बुरुज : आमच्याला काहीही झालं नाही.

पानगळ : बरंच झालं. पण म्हणून दुसऱ्याच्या पिल्लाला नको.

रानवारा : साडेचार महिने, ३१ किलो. आधी पुढचा डावा पाय होता, कालपासून उजवाही नीट टेकवत नाही. लार्ज ब्रीड पपी फूड देतो, शिवाय सिरप दोन वेळा. ज्यांच्याकडून आणला त्यांनीच द्यायला सांगितलं होतं.

निशिगंध : जेवणाचं भांडं स्टँडवर ठेवता ना? डेनच्या पोटाला पीळ पडतो. पोट फुगलं, नुसत्याच कोरड्या उलट्या, येरझाऱ्या असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा, काही तासांत जीव जातो. नसबंदीच्या वेळीच गॅस्ट्रोपेक्सी करून घ्या, जठर आतून टाचून टाकतात.

कोवळं ऊन : गॅस्ट्रोपेक्सीचं पटलं, स्टँडचं नाही. एका मोठ्या पाहणीत उंच भांड्यातून खाणाऱ्यांना धोका जास्त दिसला होता. पण इथे प्रश्न पायाचा आहे. रानवारा, मनगटाच्या जरा वर हात लावून बघा. सूज आहे? गरम लागतं? ताप मोजलात?

रानवारा : दोन्हीकडे सूज आहे, गरम लागतेय. मला वाटलं डेनची मनगटं जाडच असतात. हात लावला की ओरडतो. सकाळपासून खाल्लं नाही. ताप १०४.

कोवळं ऊन : मग परवापर्यंत थांबू नका, आत्ता निघा. वेळ नसेल तर तातडीची केस म्हणून सांगा, नाहीतर दुसरा दवाखाना बघा. हे एचओडी असू शकतं. वेगाने वाढणाऱ्या पिल्लांत हाडाच्या वाढीच्या टोकाशी दाह होतो, एक्स-रेत दिसतो. नुसतं लंगडणं पाय बदलत फिरत असतं तर मी पॅनोस्टायटिस (वाढत्या पिल्लांच्या लांब हाडांचं दुखणं) म्हटलं असतं, पण इतका ताप आणि दोन्हीकडे सूज म्हणजे थांबायचं नाही. सिरप बंद. घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन चुकूनही देऊ नका.

बुरुज : एचओडीला व्हिटॅमिन सी देतात, ते तरी द्या.

पानगळ : तो जुना समज आहे, त्याने गुण येत नाही. त्यांना जाऊ द्या आता.

निशिगंध : आमची मादी पाच वर्षांची आहे. आता गॅस्ट्रोपेक्सी केली तर चालेल का?

रानवारा : आत्ता परत आलो. एक्स-रेत एचओडीच निघालं. सलाइन लावलं, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. बहुतेक पिल्लं बरी होतात, पण पुन्हा उलटू शकतं म्हणाले. ब्रूनोने थोडं खाल्लं. उभं राहवत नाही त्याला. शूला न्यायला उचलायचा कसा? पाय धरला की विव्हळतो.

पानगळ : पाय धरूच नका. मोठा टॉवेल छातीखालून घाला, दोन्ही टोकं वर धरून पुढचा भार तुम्ही पेला, मागच्या पायांवर तो चालेल. खाली जाड गादी घाला आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. उद्या ताप किती आहे ते लिहा, मी वाट बघतेय.