मदत हवी आहे: कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आई दिवसभर घरी एकटी असते. तिला सोबत म्हणून छोटा कुत्रा शोधतोय आणि मन कॅव्हेलियरवर अडकलंय. लांब झुलते कान, टपोरे डोळे, आठेक किलोपर्यंत वजन, कुणाच्याही मांडीवर बसायला तयार. राखणीला मात्र शून्य. चोर आला तरी शेपूट हलवेल!

वाचत गेलो तर इतिहासही भारी निघाला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स अशा छोट्या स्पॅनियलांचा फार शौकीन. पुढे चपट्या नाकाची फॅशन आली आणि जुन्या चित्रांतला लांब नाकाचा कुत्रा दिसेनासा झाला. १९२६ साली रॉझवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात जुन्या धाटणीच्या कुत्र्याला २५ पौंडांचं बक्षीस लावलं, त्यातून आजचा कॅव्हेलियर घडला. १९४५ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला वेगळी जात म्हणून मान्यता दिली.

अडचण पुढेच आहे. हृदयाच्या मायट्रल झडपेचा आजार या जातीत सर्रास आढळतो, शिवाय कवटी लहान असल्याने सिरिंगोमायेलिया, म्हणजे मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या होण्याचा आजार. नॉर्वेत तर कोर्टाने याची शुद्ध पैदासच बेकायदा ठरवली.

ज्यांनी पाळलाय त्यांनी सांगा: पिल्लाच्या आईवडिलांचे कोणते रिपोर्ट मागायचे? इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतोच, की डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने तपासलं तरी पुरे? झडपेचा त्रास वयाबरोबर वाढतो म्हणे, मग पिल्लाऐवजी चार-पाच वर्षांचा, हृदय तपासलेला कुत्रा दत्तक घेणं शहाणपणाचं का? आणि तो आईला लळा लावेल ना?