डोळ्यांचे व्यायाम: कुणी खरंच करतं का? अनुभव येऊ द्यात

रंकाळ्याकाठची:
मार्चएंड चालू आहे. गुळाच्या अडत दुकानांची खाती जुळवता जुळवता काल संध्याकाळी स्क्रीनवरच्या दोन ओळी एकमेकींत शिरायला लागल्या. डोळ्यांवर पाणी मारून आले तर ऑफिसचे शिपाईमामा म्हणाले, "बाई, गच्चीवर जाऊन जोतिबाचा डोंगर बघून या, बरं वाटंल." आणि एकदम आमचे पी.टी.चे सर आठवले.

शनिवारची सकाळची शाळा. कवायत झाली की सर मैदानावर ओळीनं बसवायचे. मान हलवायची नाही, नुसती बुबुळं. उजवीकडं, डावीकडं, वर, खाली, मग गोल. तळहात एकमेकांवर घासून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे. शेवटी हात लांब करून अंगठा बघायचा, मग जोतिबाचा डोंगर, परत अंगठा, परत डोंगर. पावसाळ्यात डोंगर ढगात गेलेला असायचा. एकानं विचारलंच, सर डोंगर दिसत नाही. सर म्हणाले, "कुठं पळून जातोय? हाय तिथंच हाय, तू बघ."

एवढं करून दहावीपर्यंत निम्म्या वर्गाला चष्मा लागलाच, मलाही. पण काल गच्चीवर थोडा वेळ उभी राहिले तर कपाळाचा ताण उतरला, हे खरं. तुम्ही कुणी करता का हे? कशानं आराम पडला, कशानं नाही? फक्त 'पंधरा दिवसांत नंबर गायब'वाले फॉरवर्ड इथं नकोत, ते मामेसासऱ्यांकडून रोज येतात.

सायबर_चौक:
वीस-वीस-वीस. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं. मोबाईलवर टायमर लावलाय. अडचण एवढीच की खिडकीसमोर शेजारच्या अपार्टमेंटची बाल्कनी, आणि वीस फूट म्हणजे थेट त्यांच्या हॉलमधला टीव्ही. काकूंनी परवा पडदा लावून घेतला. आता गच्चीवर जातो.

तांबडापांढरा:
टीव्हीवर काय चालू होतं ते सांग की भावा

सायबर_चौक:
मालिका. सासू जिन्यावरून पडली तिथं पडदा लागला. पुढचं कुणाला माहीत असेल तर सांगा.

ठिणगी:
आमच्या लायनीत व्यायाम बियाम नाय. उद्यमनगरात वेल्डिंगचं काम. काच न लावता टाका मारला की संपलं. कामावर काय कळत नाय, रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू वतल्यागत हुतंय. उजेड सोसत नाय, पाणी थांबत नाय. आधी बटाट्याच्या चकत्या ठेवायचो. एका पोरानं मेडिकलमधनं सुन्न करायचं थेंब आणलं, लई गार वाटलं म्हणून परत परत घातलं, बुबुळाला जखम झाली. डॉक्टर लई चिडलं त्याच्यावर. आता शॉपमधी नियम हाय, हेल्मेट नाय तर होल्डर हातात नाय.

रंकाळ्याकाठची:
बाप रे. बरा आहे का तो पोरगा आता?

ठिणगी:
बरा हाय. लग्न ठरलंय त्याचं.

भिंगवाली:
चष्म्याचे नंबर काढणं हाच माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावते.

ठिणगीदादा, वेल्डिंगच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो. दुखणं काही तासांनी सुरू होतं, म्हणून कामावर असताना पत्ता लागत नाही. बहुतेकदा एकदोन दिवसांत भरून येतं, पण सुन्न करणाऱ्या थेंबांनी ती जखम भरायची थांबते. ते थेंब घरी न्यायचेच नसतात.

आता मूळ प्रश्न. जवळचं बघताना डोळ्याच्या आतला एक छोटा स्नायू आवळतो आणि आतलं भिंग फुगतं. लांब बघितलं की तो सैल पडतो. सरांचा अंगठा आणि डोंगर म्हणजे त्या स्नायूच्या उठाबशा. थकवा उतरतो. नंबर उतरत नाही, कारण मायनस नंबर बहुतेक वेळा डोळा मागच्या बाजूला लांबट झाल्यामुळं येतो, आणि बुबुळं कितीही गोल फिरवा, डोळा काही आखूड होत नाही. स्क्रीनपुढचं अर्धं दुखणं तर पापण्यांचं. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, स्क्रीनमध्ये घुसलो की ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली जातं. डोळा वाळतो, मग चुरचुर, मग चोळणं. तेव्हा पापणी मुद्दाम पूर्ण मिटा, अर्धवट नको. पंखा किंवा एसी थेट तोंडावर नको. मॉनिटर नजरेच्या रेषेपेक्षा जरा खाली ठेवा. मिटल्या डोळ्यांवर कोमट पाण्यात पिळलेला रुमाल ठेवला तर पापण्यांच्या कडेच्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या होतात, मला तरी गोल फिरवण्यापेक्षा तो रुमाल जास्त पटतो.

तांबडापांढरा:
माझ्या डोळ्यातून सारखं पाणी येतंय, म्हणजे कोरडे नाहीत ना? शिवाय रोज सकाळी मिसळीचा कट ओढताना आतून धुऊन निघतात ते वेगळंच

भिंगवाली:
उलट आहे. डोळा कोरडा पडला, टोचायला लागलं की तो घाईनं पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही, गालावरून जातं, डोळा परत कोरडा. चाळिशी ओलांडलीय का? तपासून घ्या एकदा. मिसळीवर माझं काही म्हणणं नाही.

तांबडापांढरा:
४४. कट कमी करायला सांगाल म्हणून भ्यालो होतो

मुक्काम_सांगली:
आमच्या काकांना त्या अमेरिकेतल्या बेट्स डॉक्टरचं वेड लागलं होतं. १९२० च्या सुमाराला 'चष्मा सोडा, व्यायाम करा' सांगणारा तोच. तळहात डोळ्यांवर ठेवणं ही त्याचीच टूम, तिचा प्रसार आपल्याकडं पण झाला. पुद्दुचेरीच्या अरविंद आश्रमाची डोळ्यांची शाळा त्याच वळणाची. काकांनी चष्मा कपाटात ठेवला आणि कोल्हापूरच्या स्टँडवर मिरजेच्या ऐवजी मलकापूरच्या एसटीत बसले. काकू आजही सुनावते. हसण्यावारी गेलं ते ठीक, पण त्या बेट्सवाल्यांत सूर्याकडं बघायचं पण एक खूळ होतं. ते आजोबांनी काठी घेऊन बंद केलं म्हणून काका वाचले.

भिंगवाली:
आजोबांना नमस्कार. सूर्याकडं टक लावून बघितलं तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मधोमध भाजतं, आणि पडद्याला दुखणं कळतच नाही. काही जणांना तिथला डाग कायमचा राहतो. उगवतीचा असो, मावळतीचा असो, ग्रहणाचा असो, नको. बेट्सचं म्हणणं होतं की डोळ्याचं भिंग नव्हे, बाहेरचे स्नायू फोकस करतात. ते चुकीचं निघालं. तळहात ठेवून बरं वाटतं ते अंधारामुळं आणि दोन मिनिटं काम थांबल्यामुळं. बरं वाटत असेल तर जरूर ठेवा.

शेंगदाण्याची_चटणी:
मग अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचं काय? तिथं गर्दी सूर्य बघायलाच जाते की

रंकाळ्याकाठची:
अगं नाही, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, अंबाबाई पश्चिमेला तोंड करून. आपण तिच्याकडं बघतो म्हणजे सूर्याकडं आपली पाठ. पहिल्या दिवशी पायांवर, मग कमरेवर, मग चेहऱ्यावर. मागच्या नोव्हेंबरात ढग आले आणि आम्ही हिरमुसून परत.

शेंगदाण्याची_चटणी:
खरंच की! इतकी वर्षं जातोय, कधी डोक्यात आलं नाही. यंदा जाताना सांगा, सोबत जाऊ. मी आजच चटणी कुटलोय, येताना डबा आणतो.

रंकाळ्याकाठची:
ताई, डब्याशिवाय येऊच नका

शेंगदाण्याची_चटणी:
आता विषयावर येतो. माझी आई चपलांच्या वेण्या विणायची. काळ्या दोऱ्यानं काळं चामडं शिवायचं, चाळीस वॅटच्या बल्बखाली. पंचेचाळिशीला सुईत दोरा जाईना म्हणून शेजारच्या पोरींना हाका मारायची. कुणीतरी सांगितलं गाजर खा, बदाम खा, अनवाणी गवतावर चाल. सगळं केली. शेवटी बाजारातनं जवळचा चष्मा आणला आणि त्याच दिवशी म्हणाली, "अगं, माझ्या टाक्यात एवढा वाकडेपणा होता व्हय?" मला वाटतं एवढी वर्षं उगाच कळ काढली तिनं.

भिंगवाली:
चाळिशीत डोळ्याचं भिंग कडक होत जातं, फुगायला तयार नसतं. व्यायामानं ते मऊ होत नाही. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो हा चुकीचा समज मात्र घरोघरी आहे. आईंना सांगा, पिवळ्या बल्बपेक्षा डाव्या खांद्यावरून येणारा पांढरा दिवा घ्या.

गुजरीतला_एक:
आमच्याकडं जडावाचं काम करताना एका डोळ्याला भिंग लावतात. नवीन पोरगं दुसरा डोळा गच्च मिटतं आणि संध्याकाळी कपाळ धरून बसतं. बाबा सांगायचे दोन्ही डोळे उघडे ठेव, दुसऱ्यानं बघूच नको. जमायला वेळ लागतो पण डोकं दुखायचं थांबतं. दुपारी दुकानाच्या पायरीवर उभं राहून रस्त्याच्या टोकापर्यंत माणसं बघत बसणं हा आमचा व्यायाम. गिऱ्हाईक येतंय का तेही कळतं.

पेन्सिलवाली_आई:
मुलगा सातवीत. वाचायला बसला की डोकं दुखतं, अक्षरं हलतात म्हणायचा. घरात सगळ्यांना वाटलं अभ्यास टाळतोय. एका ठिकाणी नंबर शून्य म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पेन जवळ आणून बघितलं तर एक डोळा बाहेर सटकायचा. दोन्ही डोळे एकत्र आत वळत नाहीत असं निदान. पेन्सिल नाकाकडं आणायची, दोन दिसायला लागली की थांबायचं, मागं न्यायची. शिवाय दवाखान्यात बोलावून मशीनवरचे व्यायाम. त्याला फरक पडला, आता एका बैठकीत धडा संपवतो. म्हणून व्यायाम फुकट असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

भिंगवाली:
ताई, बरोबर बोललात, ही खरी व्यायामाची जागा. २००८ साली अमेरिकेत मुलांवर यावर मोठा अभ्यास झाला. नुसत्या घरच्या पेन्सिलपेक्षा दवाखान्यात करून घेतलेल्या व्यायामांना जोडीला घरचे व्यायाम दिले तर जास्त मुलांना गुण आला. पण आधी निदान, मग पेन्सिल. नाहीतर ज्याला नंबरच आहे तो महिनोन्‌महिने पेन्सिल हलवत बसतो.

सायबर_चौक:
पोरांना नंबर लागूच नये म्हणून काही?

भिंगवाली:
उन्हात, म्हणजे उघड्यावर खेळू द्या, रोज दोनेक तास. उघड्यावर जास्त वेळ काढणाऱ्या मुलांत नंबर लागण्याचं प्रमाण कमी सापडलंय. लागलेला उतरत नाही, पण लागायचा लांबतो.

तांबडापांढरा:
म्हणजे पेठेतली पोरं फुटबॉल खेळून डोळे वाचवतात आणि आया त्यांना क्लासला ओढतात. हे स्टेडियमच्या गेटवर लिहून लावा

नेम_धरून:
मुलगी रायफल शूटिंगला जाते. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हापासून रेंजवर जागा मिळेना. त्यांचे कोच पहिल्यांदा नेम नाही, नेम सोडायला शिकवतात. साईटमधून फार वेळ बघत राहिलं की चित्र डोळ्यात चिकटतं आणि पोर चुकीच्या चित्रावर गोळी मारते. काही सेकंदांत शॉट गेला नाही तर बंदूक खाली, नजर लांब कुठंतरी, पापण्या लववायच्या, मग परत. ती आता अभ्यासाला पण तसंच करते. एक गणित, मग बाहेरचा नारळ. नारळावर किती माकडं येतात त्याचा हिशोब तिच्याकडं आहे.

वातीसमोर:
मी त्राटक करते, म्हणजे वातीकडं टक लावून बघणं. हठयोगातल्या षट्कर्मांपैकी एक. नेती, धौती, बस्ती, नौली, कपालभाती आणि हे. तुपाची वात नजरेच्या पातळीला, हातभर लांब, वारा नको. पाणी आलं की डोळे मिटायचे. माझा नंबर होता तोच आहे, हे आधीच सांगते. झोप मात्र चांगली लागते. आमच्या योगाच्या बाई काचबिंदूवाल्यांना आणि डोळे फार कोरडे असणाऱ्यांना बसू देत नाहीत.

पंचगंगेपलीकडचा:
काचबिंदू निघालाच आहे म्हणून लिहितो. वडील रोज पहाटे घाटावर डोळ्यांचे व्यायाम करायचे, वयाच्या मानानं पेपर चष्म्याशिवाय वाचायचे, त्याचा त्यांना फार अभिमान. मग चौकटीला खांदा घासायला लागला, स्कूटरला बाजूनं येणारी सायकल दिसेना. समोरचं स्वच्छ, कडा गेलेल्या. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. दुखलं नाही, लाल झालं नाही, काही नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरलेली थेंबांवर सांभाळतोय. व्यायामानं वाईट काही झालं नाही, पण 'माझे डोळे ठणठणीत' या भरवशावर तपासणी राहिली. मला पण आता दरवर्षी प्रेशर बघायला सांगितलंय, आईवडिलांना असेल तर मुलांना धोका जास्त.

रंकाळ्याकाठची:
वाचून कसंतरी झालं. काका आता फिरायला जातात का?

पंचगंगेपलीकडचा:
जातात, हात धरून. वाटेत कोण भेटलं ते आवाजावरून सांगतात, आणि बरोबर सांगतात.

भिंगवाली:
चाळिशीनंतर प्रत्येकानं डोळ्याचं प्रेशर आणि मागची नस बघून घ्यावी, चष्मा असो नसो. आणि अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूनं पडदा आल्यासारखं वाटलं तर व्यायाम, गुलाबजल, मध सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तांबडापांढरा:
बरं मी शुक्रवारी तपासणीची वेळ घेतलीय. थेंब घालून दोन तास बसवतात म्हणे, खरं का?

भिंगवाली:
गरज पडली तर बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. मग काही तास जवळचं धूसर, ऊन बोचतं. गाडी चालवू नका, कुणाला तरी सोबत न्या, गॉगल ठेवा.

ठिणगी:
मी येतो की संग. शुक्रवारी लाईट नसतीया शॉपला. गाडी मीच मारतो.

तांबडापांढरा:
ये भावा. पण मिसळ थेंबाच्या आधी, नंतर तर्री दिसायची नाही