अंबाजोगाईच्या डोंगरात चालवायला कोणती एमटीबी (माउंटन बाईक, डोंगरातली सायकल) घ्यावी? एक्ससी, ट्रेल की डाऊनहिल?

मुरूमवाट:
नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा. सध्या हायब्रीड सायकल आहे, तिच्यावर परळी रोडनं, लोखंडी सावरगावकडं फिरणं होतं, पण आता डांबर सोडून मुकुंदराजकडच्या दरीच्या कडंनं, पाणंदीनं, मुरमाच्या टेकड्यांवर जायची लई इच्छा आहे. बजेट 70 हजार, ओढूनताणून 80. वजन 82 किलो. ऑफिसला पण तीच सायकल न्यायची आहे. एक दुकानदार म्हणतोय पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शनवाली घ्या, 35 हजारात देतो, डोंगरात तीच लागते. नेटवर वाचलं तर एक्ससी, ट्रेल, डाऊनहिल असे प्रकार आहेत पण नेमका फरक काय आणि आपल्या भागाला काय जमेल ते कळेना. जाणकारांनी सांगावं.

सातारा_डोंगर:
भाऊ, डाऊनहिल आधीच बाजूला ठेवा. ती सायकल फक्त खाली येण्यासाठी बनवलेली असते, पुढं-मागं 200 मिमीच्या आसपास ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शन तितकं दबतं, मोटरसायकलसारखा डबल क्राउन फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा), वजन 16-17 किलो, आणि मागं बहुतेक वेळा सातच गिअर, त्यातली सगळ्यात मोठी चकती पण लहानच, म्हणजे चढावर ढकलतच न्यायची. बाहेरच्या देशात रोपवेनं सायकल वर नेतात आणि उतरतात, त्यांचं जमतं. आपल्याला टेकडी आपल्याच पायानं चढायची आहे.
आता एक्ससी आणि ट्रेल. एक्ससीला, म्हणजे क्रॉस कंट्रीला, 100 ते 120 मिमी ट्रॅव्हल, हलकी, चढाला जोरदार, 1996 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे तो हाच प्रकार. ट्रेलला 120 ते 150, हँडल रुंद, टायर जाड, आणि ड्रॉपर पोस्ट, म्हणजे उतारावर बटन दाबून सीट खाली घ्यायची. पण माझ्या मते खरा फरक हेड अँगलचा, म्हणजे हँडलखालच्या नळीच्या जमिनीशी असलेल्या कोनाचा आहे, लोक नुसते मिलीमीटर मोजत बसतात. एक्ससीत तो 67-68 अंश, ट्रेलमध्ये 65 च्या आसपास, डाऊनहिलमध्ये 63 पर्यंत. अँगल जितका कमी तितकं पुढचं चाक लांब पुढं, मग खड्या उतारावर हँडलवरून पुढं फेकलं जायची भीती कमी, पण सावकाश चढताना तेच चाक इकडंतिकडं भरकटतं.
तुम्हाला ऑफिस, डांबर आणि टेकडी तिन्ही करायचंय, त्यामुळं एक्ससीकडची हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन, मागं नको. 35 हजारातली डबल सस्पेन्शन तर अजिबात घेऊ नका. मागं नुसती स्प्रिंग असते, डँपिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारी यंत्रणा) नावाला, चढाला प्रत्येक पेडलला सायकल डुलते, तुमची ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाते. चांगली फुल सस्पेन्शन लाखाच्या बरीच वर सुरू होते, आणि तिचे बेअरिंग, शॉक हे सगळं सांभाळावं लागतं, मला शॉक सर्व्हिसला पुण्याला कुरिअर करावा लागतो.

बालाघाटी:
वरच्या दादांचं बरंचसं पटतं पण एक्ससीबद्दल थोडं वेगळं म्हणतो. मी धारूरकडं चालवतो. आमच्याकडं उतारावर सुटे दगड लई, मुरूम घसरतो, आणि तिथं सरळ अँगलची, बारीक टायरची सायकल घेऊन उतरताना हात भरून येतात. त्यामुळं हार्डटेलच घ्या, पण ट्रेल हार्डटेल, 120 किंवा 130 चा एअर फोर्क, 2.4 इंचाचे टायर. चढाला जरा जड जाईल, जाऊ द्या, घाई कुणाला आहे. ऑफिसला जाताना हवा जास्त भरायची आणि फोर्क लॉक करायचा.
फोर्क एअरचाच बघा, कॉइलचा नको. 82 किलो वजनाला कंपनीची स्प्रिंग बसेलच असं नाही, एअरमध्ये पंपानं आपल्या वजनाप्रमाणं हवा भरता येते. सायकलीवर बसल्यावर फोर्क ट्रॅव्हलच्या 20-25 टक्के दबला पाहिजे. आणि फ्रेम घेताना दोन गोष्टी विचारा, हेड ट्यूब (हँडलखालची नळी) टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत जाणारी आहे का आणि चाकाला थ्रू ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड ॲक्सल आहे का, नसेल तर पुढं चांगला फोर्क बसवायला जाल तर मिळणारच नाही. 100 च्या फ्रेमला 140 चा फोर्क मात्र लावू नका, पुढून उंच होते आणि हेड ट्यूबवर ताण येतो.

सातारा_डोंगर:
धारूरसाठी पटलं. तिकडचे दगड वेगळेच.

काटेरी:
मंडळी, टायरचं राहिलंच की. आपल्याकडं सायकल कुठलीही घ्या, सराटे आणि वेडी बाभूळ सोडत नाहीत. ट्यूब असेल तर उन्हाळ्यात पाणंदीत अर्धा दिवस पंक्चर काढण्यातच जातो. म्हणून रिम ट्यूबलेस रेडी, म्हणजे ट्यूबशिवाय टायर बसेल अशी आहे का ते फोर्कच्या आधी बघा. आत सीलंट (भोक बुजवणारं द्रव) टाकलं की सराटा रुतला तरी भोक तिथंच बुजतं. सराटा टायरमधून उपटायची घाई करू नका, तो रुतलेला असतो तोवर हवा टिकते. फक्त आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी बघून परत टाकायचं. ट्यूबलेसमुळं हवाही कमी ठेवता येते, तुमच्या वजनाला डोंगरात 26-28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मग मुरमावर पकड बदलूनच जाते.
अजून एक, पावसाळ्यात काळ्या रानात एमटीबी घालू नका. शंभर मीटरमध्ये टायर आणि फ्रेमच्या मधे चिखल भरून चाक जाम होतं, मागचा गिअर टांगलेला असतो तो हँगर वाकतो, आणि शेतकऱ्याची वाट पण खराब होते. मुरमाची टेकडी मात्र पाऊस थांबला की लगेच निथळते, तिकडं जा.

मुरूमवाट:
लई मनापासून आभार सगळ्यांचे. डबल सस्पेन्शन रद्द. आता ट्रेल हार्डटेलच बघतो, टेपर्ड, थ्रू ॲक्सल, ट्यूबलेस रेडी हे तिन्ही कागदावर लिहून नेतो. पुढं एकच चकती असलेली बरी का तीन? दुकानदार म्हणतो तीनवाली चढाला चांगली.

बालाघाटी:
एकच. पुढं 32 आणि मागच्या कॅसेटमध्ये (चकत्यांच्या संचात) सगळ्यात मोठी 51 दाताची असली की हलका गिअर जवळपास तितकाच मिळतो जितका तीनवालीत 22 आणि 34 नं मिळतो. पुढचा डिरेलर (चकतीवरून चकतीवर चेन सरकवणारा भाग) गेला की चिखल अडकायची जागाही गेली, आणि डाव्या हाताचा शिफ्टर गेल्यानं तिथं ड्रॉपरचं बटन बसतं. उंची किती तुमची? फ्रेमची साईज त्यावर सांगतो.