भाऊ सेपिक नदीवरच्या मिशनला चाललाय, तिथले दिवस कसे असतात?

वाडीतली_ताई:
माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी धर्मगुरू झाला. आता त्याची नेमणूक पापुआ न्यू गिनीत, सेपिक नदीकाठच्या एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, झाली आहे. तो खूश आहे, आम्हालाही अभिमान आहे. पण नकाशा बघितल्यापासून आईचं जेवणावरून लक्ष उडालंय. गावांना रस्ते नाहीत, सगळीकडे होडीने जायचं, नदीत मगरी. आणि आमच्या ह्याला पोहता येत नाही! वसईत वाडीतच बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आहे, पण लहानपणापासून तो कधी त्यात उतरलाच नाही.

तिकडे राहून आलेलं कुणी आहे का इथे? दिवसभर नेमकं काय करावं लागतं, काय काय अडचणी येतात, बरोबर काय द्यावं? गोड गोड सांगू नका, खरं सांगा. आईला काय सांगायचं ते मी बघते.

नदीवरचा_फादर:
ताई, मी मधल्या सेपिकला बरीच वर्षं होतो, आता महाराष्ट्रात परत आलोय. पोहण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं तिकडे गेल्यावर शिकता येतं. निघायच्या आधी त्याला क्लास लावा. शर्यतीचं पोहणं नको, कपडे अंगावर असताना पाण्यावर उताणं पडून राहता आलं पाहिजे. लाइफ जॅकेट इथूनच चांगलं घेऊन द्या आणि होडीत पाय ठेवण्याआधी ते अंगात असलंच पाहिजे, असं वचन घ्या त्याच्याकडून. होडीतलं दुसरं कुणी घालणार नाही. त्याने घालायचं.

सेपिक 1126 किलोमीटर लांब आहे. पाणी गढूळ, दोन हात खालचं दिसत नाही. पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, अख्खी झाडं मुळांसकट वाहत येतात, गवताची बेटंच्या बेटं तरंगत येतात. होडी म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेली लांबलचक डोंगी, मागे पेट्रोलचं इंजिन. पुढच्या टोकाला एक पोरगा उभा राहून पाणी वाचत असतो. त्याने हात वर केला की बोलणं बंद करायचं. अंधार पडल्यावर निघायचं नाही, कितीही निकड असली तरी. उन्हाळी दिवसांत उलटं होतं. वळणं टाळायला काढलेले आडमार्गाचे कालवे आटतात आणि चिखलात उतरून होडी ओढावी लागते.

एक प्रसंग सांगतो. पुराचे दिवस होते, एका लांबच्या गावी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, ठरली होती. वाटेत पाण्याखालच्या ओंडक्यावर इंजिनाचा पंखा आदळला, होडी कलली आणि भस्सकन पाणी आत आलं. इजा कुणाला झाली नाही. काठाला लागून पोरांनी इंजिन उघडलं, पुसलं, फुंकलं, परत सुरू केलं. पण मिस्साच्या पेटीत पाणी शिरलं होतं. होस्तींचा, म्हणजे मिस्सात वाटायच्या गव्हाच्या पातळ चकत्यांचा, पार लगदा. गावात पोहोचलो तर लोक सकाळपासून वाट बघत बसलेले. काही जण पलीकडच्या पाणथळीतून वल्हवत आले होते, कडेवर लेकरं. मिस्साला गव्हाचीच भाकर लागते आणि त्या मुलखात गहू पिकत नाही, लोक सागोच्या झाडाच्या पिठावर जगतात. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात तिथले वयस्कर कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे गावातलेच गृहस्थ, उठले, शुभवर्तमान वाचलं, गीत सुरू केलं. फादर नसताना दर रविवारी तेच प्रार्थना चालवायचे. मग मी बाप्तिस्मे दिले, त्याला पाणीच लागतं. पापनिवेदनं ऐकली, एका आजारी आजीला तैलाभ्यंग केलं, म्हणजे पवित्र तेल लावून तिच्यासाठी प्रार्थना केली. संध्याकाळपर्यंत कुणी हललं नाही. पुढे मी होस्तींचा एक डबा माझ्याकडे आणि दुसरा कॅटेकिस्टच्या विणलेल्या पिशवीत ठेवायला लागलो. घट्ट झाकणाचे डबे, आत कापडात बांधलेले थोडे तांदूळ. दमट हवेत बुरशी लगेच धरते.

तुमच्या भावाला माझं मनापासून सांगणं आहे की पहिलं वर्षभर कॅटेकिस्ट म्हणतील तसं करावं. कुठल्या गावी कधी जायचं, कुणाच्या घरी आधी बसायचं, कुठल्या भांडणात पडायचं नाही, सगळं त्यांना ठाऊक असतं. सेमिनरीतून नवा निघालेला माणूस उत्साहात वेळापत्रक बनवतो. नदी ते पाळत नाही, लोकही पाळत नाहीत, आणि मग उगाच मनस्ताप होतो. त्या देशाचे पहिले संत पीटर टो रोट हे कॅटेकिस्टच होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मिशनरींना कैदेत टाकल्यावर त्यांनी बंदी असतानाही लोकांची प्रार्थना चालू ठेवली, लग्नाची पवित्रता जपा म्हणून सांगत राहिले आणि 1945 साली तुरुंगात मारले गेले. 19 ऑक्टोबर 2025 ला ते संत म्हणून घोषित झाले. मिशनरींशिवाय तिथली श्रद्धा टिकली ती अशा माणसांमुळे, हे तरुण फादरने जाण्यापूर्वीच समजून घ्यावं.

मगरींचं म्हणाल तर त्या आहेत. आंघोळ कुठे करायची ते गावकऱ्यांना विचारायचं, तिथेच करायची, एकट्याने नाही. मगर त्यांच्या श्रद्धेतही आहे. मधल्या सेपिकला तरुणांच्या पाठीवर, छातीवर मगरीच्या खवल्यांसारख्या खुणा कापतात, तो त्यांचा पुरुष होण्याचा विधी. पूर्वजांच्या आत्म्यांची मोठमोठी लाकडी घरं असतात. बोलावल्याशिवाय आत जाऊ नये, आणि पहिल्या महिन्यात त्यावर प्रवचन तर मुळीच देऊ नये.

सिस्टर_दवाखाना:
फादरनी बाकी सगळं सांगितलंय, मी मलेरियाचं लिहिते. मी नर्स आहे, तिकडच्याच मिशन दवाखान्यात काम केलं आहे. तिकडे मलेरियाचे फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हे दोन्ही प्रकार आहेत. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात लपून राहतात, ताप उतरला तरी काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत उठतो. त्यांना मारायला प्रायमाक्वीन देतात, पण जी-सिक्स-पीडी हे रक्तपेशींतलं एन्झाइम कमी असलेल्या माणसाला त्याने रक्तपेशी फुटून धोका होतो. ही रक्ततपासणी मुंबईत सहज होते. करून घ्या आणि रिपोर्टची प्रत पासपोर्टबरोबर ठेवायला सांगा.

ताप आला की ‘उद्या बघू’ नाही. त्याच दिवशी रक्त तपासायचं. मलेरिया निघाला तर आर्टिमेथर-लुमेफँट्रिनच्या गोळ्या तीन दिवस पूर्ण घ्यायच्या, त्याही काहीतरी स्निग्ध खाऊन, नाहीतर नीट लागू पडत नाहीत. तरुण मुलं दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या खिशात ठेवतात. मी यावरून पुष्कळ रागावले आहे लोकांना! मच्छरदाणी औषध लावलेली हवी, आणि प्रवासाला जाताना तीच आधी बॅगेत. डासांचं म्हणाल तर संध्याकाळी मिस्साला वेदीजवळ उभं राहणं कठीण होतं. पूर्ण बाह्यांचे सुती सदरे आणि मोजे द्या.

अजून एक. सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला तर वसईच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, ‘मी पापुआ न्यू गिनीतून आलोय.’ पायाला साधं खरचटलं तरी धुऊन झाकायचं, त्या दमट हवेत जखमा चिघळतात.

वाडीतली_ताई:
फादर, सिस्टर, किती आभार मानू! रक्त तपासायला उद्याच पाठवते. होस्तींचं वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता विचारतेय, जेवायचं काय? घरची सुकी मासळी देता येईल का? आणि फोन लागतो का हो?

नदीवरचा_फादर:
ताई, वसईच्या माणसाला तिथे मासळी कमी पडणार नाही. नदीची मासळी, सागो, पालेभाज्या, नारळ, केळी, रताळी. सागोचं पीठ उकळत्या पाण्यात घोटलं की चिकट लगद्यासारखं होतं, पहिल्यांदा घशाखाली उतरत नाही. पण समोर ठेवलं की खावं. ते झाड पाडून, गाभा कुटून, धुऊन पीठ काढायला घरच्यांचे दिवस गेलेले असतात. दुकान असेल तिथे तांदूळ आणि डब्यातली मासळी मिळते. सुकी मासळी नका देऊ, विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते आणि घरची मासळी बहुधा तिथेच राहते. कंपनीचा सीलबंद मसाला द्या, तोही जाहीर करायला सांगा.

तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढे असतं. आईने रात्री आठला फोन केला तर तिकडे साडेबारा वाजलेले असतील. दुपारी दोनच्या सुमारास करा, तेव्हा तो संध्याकाळी परतलेला असेल. विजेचा दाब आपल्यासारखाच, पण प्लगच्या पिना ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या, तिरक्या. दोन अडॅप्टर द्या. सोलर टॉर्च द्या, जनरेटर पेट्रोलवर चालतो आणि पेट्रोल आधी होडीला लागतं.

वेवाक शहरात असेपर्यंत फोन नीट लागेल. नदीवर गेला की टॉवरपासून लांबच्या गावांत कधी कधी आठ-दहा दिवस काहीच कळणार नाही. हे आईला आत्ताच सांगून ठेवा, आणि धर्मप्रांताच्या ऑफिसचा नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

वाडीतली_ताई:
सांगितलं आईला. सोमवारपासून भावाचा पोहण्याचा क्लास सुरू होतोय. लाइफ जॅकेट त्याच्या वजनाप्रमाणे घ्यायचं ना?

नदीवरचा_फादर:
हो, वजनाप्रमाणेच. शिट्टी बांधलेलं बघून घ्या.