अलास्का क्रूझ: आईबाबांना सात दिवस जहाजावर करमेल का?

मेघा_सिएटल
नमस्कार मंडळी, आईबाबा जूनमध्ये पहिल्यांदाच आमच्याकडे येतायत. आई ६८, बाबा ७४, बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नवरा म्हणतोय गाडीने यलोस्टोनला जाऊ, माझ्या मनात अलास्का क्रूझ आहे. पण आई बोटीचं नाव काढलं की नको म्हणते, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला बोटीने जायचे, तिला बोट लागायची, रात्रभर उलट्या आणि सकाळी समुद्रातच पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, ते तिच्या डोक्यातून गेलेलंच नाही. ज्यांनी केलीय त्यांनी सांगा ना, जहाजावर असं काय असतं की लोक परत परत जातात? नुसतं खाणं आणि स्विमिंग पूल असेल तर एवढे पैसे कशाला घालवायचे.

विनय_रेडमंड
आम्ही दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन गेलो होतो. सगळ्यात मोठं सुख म्हणजे बॅग एकदाच उघडायची. यलोस्टोनला इथून जायलाच दोन दिवस, मग रोज गाडीत बसा उतरा, हॉटेल बदला, आणि म्हाताऱ्या माणसांना बाथरूम कुठे मिळेल ही काळजी वेगळीच. जहाजावर रूम तीच राहते आणि गाव आपल्यापाशी येतं. माझे बाबा पहाटे उठून डेकवर फेऱ्या मारायचे, आई खिडकीशी बसून जप करायची, मुलं पूलमध्ये, आणि रात्री जेवायला सगळे एका टेबलावर. कोणी कोणासाठी खोळंबून राहिलंय असं झालंच नाही.

आणि ग्लेशियर बे, अलास्कातलं हिमनद्यांचं नॅशनल पार्क! त्या दिवशी कोणी उतरत नाही. पार्कचे रेंजर जहाजावर येतात, माइकवर माहिती सांगतात. मोठ्या क्रूझ जहाजांना दिवसाला दोनच परवानग्या असतात त्यामुळे आजूबाजूला गर्दी नाही. जहाज मार्जरी ग्लेशियरसमोर थांबतं आणि हळूहळू जागच्या जागी फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूच्या बाल्कन्यांना दिसतं. बर्फ निळा दिसतो, कारण दाबून दाबून इतका घट्ट झालेला असतो की उजेडातला तांबडा रंग आतच जिरतो. कडा तुटून पाण्यात पडताना आधी दिसतो आणि गडगडाट नंतर येतो. बाबा ब्लँकेट गुंडाळून दोन तास उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. आता आमच्याकडे कोणीही आलं की तीच गोष्ट सांगतात. फक्त बुक करताना ग्लेशियर बे आहे का ते बघ, काही जहाजं त्याऐवजी हबर्ड ग्लेशियरला नेतात.

तारवटी_मडगाव
मी ११ वर्षं जहाजावर डायनिंगमध्ये होतो, आईंच्या बोट लागण्याबद्दल सांगतो. सिएटलहून निघालेली बरीच जहाजं व्हँकूवर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात, तिथे हलतं. कॅनडातल्या व्हँकूवर शहरातून निघणारी जहाजं बेट आणि जमीन यांच्या मधून जातात, पाणी बरंच शांत असतं. तुम्हाला व्हँकूवर गाडीने जवळच आहे, तिथून घ्या. केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, टोकाची किंवा वरची नको. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात ते डोलणं कमी करतात, जुन्या कोकण बोटीशी याची तुलनाच नको. आईबाबांचा कॅनडाचा व्हिसा मात्र आधी काढा, आणि परत यायला अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री आहे का बघा.

जेवणाचं म्हणाल तर बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन लिहून ठेवा आणि पहिल्या रात्री वेटरशी बोला. आमचे गोव्याचे पुष्कळ पोरगे असतात. माझ्या टेबलावर नाशिकचे एक आजोबा होते, त्यांना रोज वरणभात लागायचा, मी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, सांगून ठेवायचो, तिसऱ्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारायला लागले. लोक परत येतात त्यात या ओळखीचा वाटा फार मोठा आहे.

स्वाती_कोथरूड
मला तितकंसं नाही आवडलं. अलास्कातल्या जुनो बंदरात एकाच दिवशी चार जहाजं, सगळा धक्का दुकानांनी भरलेला, मेंडेनहॉल ग्लेशियर बघेपर्यंत परतायची वेळ झाली. एखाद्या गावात रमायचं असेल तर क्रूझ नको. वायफाय, रोजची माणशी टिप, व्हेल बघायची ट्रिप हे सगळं वेगळं लागतं, तो हिशोब आधीच करा. पण गुडघ्याचा त्रास असलेल्या बाबांसाठी मीही हेच सुचवीन, सगळीकडे लिफ्ट आहे.

मेघा_सिएटल
सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला वाचायला दिलं, तो तयार झाला. व्हँकूवरहूनच बघतोय, ग्लेशियर बे असलेली, मधली केबिन. आईला फोनवर वाचून दाखवलं तर तिचा एकच प्रश्न, उतरताना पडाव नाही ना?

तारवटी_मडगाव
आईंना सांगा, जुनो, स्कॅगवे, केचिकनला जहाज सहसा धक्क्यालाच लागतं. कधी गर्दी असली तर छोट्या बोटीने नेतात, पण ती बंदिस्त असते आणि आमची पोरं हात धरून चढवतात.