छोट्या गोल्फ क्लबातील मासिक स्पर्धा निःपक्षपाती आणि आनंदाची कशी करावी?

प्रश्नकर्ता: नवा स्पर्धा सचिव

नमस्कार. गेल्या वार्षिक सभेत मी चहा घ्यायला बाहेर गेलो असताना क्लबाचा स्पर्धा सचिव म्हणून माझी एकमताने निवड झाली, आणि तेव्हापासून महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की मला झोप लागत नाही. क्लब पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावालगत आहे. एकूण नऊ होल, नियमित खेळणारे साठ-सत्तर सभासद आणि बावीस कॅडी. अठरा होलची फेरी म्हणजे तेच नऊ होल दोनदा, पहिल्या वेळी पांढऱ्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) आणि दुसऱ्या वेळी निळ्या.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की बक्षिसे फिरून फिरून त्याच चार-पाच घरांत जातात. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा हँडिकॅप (कुवतीप्रमाणे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) २४ आहे. मित्रांबरोबर चहा-भजीच्या पैजेवर खेळताना ते अठराच्या हँडिकॅपवाल्याला सहज हरवतात, आणि स्पर्धेच्या दिवशी ४३ पॉइंटांचे कार्ड देतात (दर होलला फटक्यांवरून गुण देण्याच्या आमच्या स्टेबलफर्ड पद्धतीत आपल्या हँडिकॅपप्रमाणे खेळले तर ३६ होतात). समोर कोणी बोलत नाही, मागे सगळेच बोलतात. दुसरी अडचण वेळेची. मार्चमध्ये सोळा फोरबॉल (चौघांचे गट) होते, दर दहा मिनिटांनी एक असे साडेसहापासून सोडले. पहिला गट नऊ होल संपवून पावणेनऊला पुन्हा पहिल्या टीवर उभा राहिला, तेव्हा शेवटचे दोन गट अजून निघायचे होते, आणि आधी कोणी मारायचे यावरून जी बोलाचाली झाली ती येथे लिहिण्यासारखी नाही. शेवटचे कार्ड भर दुपारी आले. तिसरी अडचण बरोबरीची. दोघांचे पॉइंट समान आले आणि समितीने निकालाचा नियम बरोबरी झाल्यानंतर ठरवला, त्यामुळे हरलेल्याला तो आपल्याविरुद्धच केलेला वाटला.

जानेवारीत चौदा नवे सभासद स्पर्धेला आले होते, आता पाच उरले आहेत. मला कोर्ट चालवायचे नाही, स्पर्धा चालवायची आहे. आधी काय बदलावे?

उत्तर: हिशेबनीस (हँडिकॅप समितीत अकरा वर्षे)

सचिवसाहेब, आपल्या कोर्सचे रेटिंग (अवघडपणाचे अधिकृत मोजमाप) झालेले आहे असे गृहीत धरून लिहितो. तसे नसेल तर ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण त्याशिवाय पुढचा सगळा हिशेब वाळूवर उभा राहतो.

त्या ज्येष्ठ गृहस्थांना लबाड ठरवण्यापूर्वी त्यांची कार्डे उघडून पाहा. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्यांची सरासरी घेतली जाते, आणि तिलाच त्याचा इंडेक्स म्हणतात. ही पद्धत उत्तम आहे, पण तिला कार्डे मिळाली पाहिजेत. जो माणूस वर्षातून आठ स्पर्धा खेळतो आणि फक्त त्यांचीच कार्डे देतो, त्याच्या वीस फेऱ्या अडीच वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात; त्या काळात त्याने गुडघ्याचे ऑपरेशन करून घेतले असेल आणि नंतर शिकवणीही लावली असेल. अशा वेळी हँडिकॅप फुगवलेला नसतो, शिळा असतो. माझ्या अनुभवात ज्यांच्याविषयी कुजबुज होते त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण या दुसऱ्या वर्गातले निघाले.

तेव्हा पहिला नियम असा करा की नेहमीच्या फेऱ्यांचीही कार्डे द्यायची, मात्र फेरी सुरू होण्यापूर्वी कॅडीमास्टरच्या वहीत नाव लिहून आणि मार्करच्या (आपले आकडे लिहिणाऱ्या सहखेळाडूच्या) सहीने. म्हणजे फेरी झाल्यावर सोयीचे कार्ड द्यायचे आणि गैरसोयीचे खिशात ठेवायचे, हा मार्ग बंद होतो. स्पर्धेत नेट (हँडिकॅप धरून ठरणारे) बक्षीस घ्यायचे असेल तर आधीच्या तीन महिन्यांत किमान चार कार्डे असावीत, अशी अट आम्ही घातली आहे. पहिल्या दोन महिन्यांत आरडाओरड झाली, तिसऱ्या महिन्यापासून कार्डांची पेटी भरू लागली. वीस कार्डे पूर्ण झाल्याचा आणखी एक फायदा असा की त्यानंतर वर्षभरातील सर्वांत कमी इंडेक्स हा खुंटा ठरतो, त्याच्या वर ३ पर्यंत इंडेक्स मोकळा वाढतो, पुढची वाढ निम्मी होते आणि ५ वर थांबते. म्हणजे जाणूनबुजून वाईट खेळून हँडिकॅप वर नेणाऱ्याला छत लागते.

आता ४३ पॉइंटांविषयी. बऱ्याच क्लबांत अजून ‘जिंकला की दोन कापा’ ही जुनी रीत चालते. ती मला अन्यायाची वाटते, कारण एखाद्या सकाळी ज्याचे पुटिंग लागले त्यालाही ती चोराच्या रांगेत बसवते. पद्धतीतच याची सोय आहे: फेरीचा डिफरन्शियल (कोर्सच्या अवघडपणाप्रमाणे काढलेला त्या फेरीचा आकडा) इंडेक्सपेक्षा ७ ते ९.९ ने कमी आला तर इंडेक्स आपोआप आणखी १ ने खाली येतो, आणि १० किंवा त्याहून अधिक फरक असला तर २ ने. यानंतरही कोणी खटकत असेल तर हँडिकॅप समितीला त्याचा इंडेक्स बदलण्याचा अधिकार आहे. तो वापरावा, पण आधी त्या व्यक्तीला बोलावून, कार्डे समोर ठेवून, आणि कृपा करून व्हॉट्सॲप गटावर नव्हे.

एकेरी स्पर्धेत कोर्स हँडिकॅपचा (इंडेक्सवरून त्या कोर्सपुरत्या निघणाऱ्या हँडिकॅपचा) ९५ टक्के भाग घ्यायचा असतो, जोड्यांच्या फोरबॉल स्टेबलफर्डमध्ये ८५ टक्के. आपल्याकडे पूर्ण हँडिकॅप देत असाल तर मोठ्या हँडिकॅपवाल्यांना दर स्पर्धेत एक-दीड स्ट्रोक (फटका) फुकट मिळतो आहे. दिसायला क्षुल्लक असला तरी ट्रॉफ्या बहुधा तेवढ्यावरच हलतात.

बरोबरीचा निकाल काउंटबॅकने (शेवटच्या होलांवरचे गुण पाहून) लावायचा असेल तर ते प्रवेशपत्रिकेवरच छापा: शेवटचे नऊ होल, मग सहा, मग तीन, मग अठरावा. आपल्याकडे शेवटचे नऊ म्हणजे निळ्या टीची फेरी. स्ट्रोक इंडेक्स (कोणत्या होलवर हँडिकॅपचा स्ट्रोक आधी मिळतो तो क्रम) वाटताना एका फेरीला विषम आणि दुसरीला सम आकडे द्यावेत, नाहीतर हँडिकॅपचे स्ट्रोक एकाच फेरीत साचतात आणि काउंटबॅक तिरका होतो.

उत्तर: लाल टीवरून

हिशेबनीसांचे म्हणणे मान्य आहे, परंतु चौदांतले नऊ जण हँडिकॅपच्या टक्केवारीमुळे गेले असतील असे मला वाटत नाही.

मी सहा वर्षांपूर्वी वयाच्या ४८ व्या वर्षी खेळायला लागले. माझ्या पहिल्या क्लबातल्या पहिल्या स्पर्धेत मला सर्वांत शेवटच्या गटात, माझ्यासारख्याच तीन नवख्यांबरोबर टाकले होते. आमच्यापैकी एकीलाही ड्रॉप (चेंडू नियमाने पुन्हा खेळात टाकणे) कोठे घ्यायचा हे ठाऊक नव्हते, मागे कोणी नसल्यामुळे विचारणार कोणाला, आणि ऊन चढत होते. चौथ्या होलच्या नाल्यात मी तीन चेंडू घालवले. तरीही ३१ पॉइंट झाले आणि मला आभाळ ठेंगणे झाले. नंतर कळले की मी कार्डावर सही केली नव्हती, म्हणून अपात्र. नियम तसाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही; पण ज्यांनी कार्ड हातात घेतले त्यांनी ‘बाई, येथे सही राहिली’ एवढे म्हटले असते तर काय बिघडले असते? मी तो क्लब सोडला.

२०२३ पासून समितीला असा स्थानिक नियम करता येतो की सही राहिल्यास अपात्रतेऐवजी दोन स्ट्रोकचा दंड व्हावा. तो अवश्य करा. शिवाय कार्डे घेण्यासाठी एक टेबल आणि एक माणूस ठेवा, जो प्रत्येकाला होलनिहाय आकडे वाचून दाखवील आणि दोन्ही सह्या पाहील. त्याच वर्षापासून कार्डावरचा हँडिकॅप बरोबर असण्याची जबाबदारीही खेळाडूची नसून समितीची आहे, हे बऱ्याच सचिवांना अजून माहीत नसते.

ड्रॉ काढताना प्रत्येक गटात एक अनुभवी खेळाडू ठेवा. स्पर्धा स्टेबलफर्डचीच असू द्या, निदान वर्षातल्या दहांपैकी आठ. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ही पद्धत आणली आणि १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी येथे तिची पहिली स्पर्धा झाली, ती एका वाईट होलने सगळी फेरी मातीत जाऊ नये म्हणूनच. माझे नाल्यातले तीन चेंडू मला फक्त त्या एका होलचे शून्य देऊन गेले.

आणि बक्षिसांविषयी एक सांगायचे राहिले. आपल्याकडे नेट विजेत्याला पाकिटात रोख रक्कम देण्याची पद्धत असेल तर ती ताबडतोब थांबवा. २०२२ पासूनच्या हौशी दर्जाच्या नियमांप्रमाणे रोख बक्षीस फक्त स्क्रॅच (हँडिकॅप न धरता खेळायच्या) स्पर्धेत घेता येते, हँडिकॅपच्या स्पर्धेत नाही. वस्तू किंवा व्हाउचर चालते, तेही ७०० पौंडांच्या मर्यादेत. महिलांसाठी ‘लेडीज प्राइज’ म्हणून दरवर्षी तोच काचेचा बाऊल ठेवणेही थांबवता आले तर बरे. माझ्या कपाटात तीन आहेत.

उत्तर: पहाटेचा स्टार्टर

मी फक्त वेळेचे लिहितो, कारण भांडणांपैकी निम्मी उन्हात वाट पाहण्यातून उगवतात.

आपले गणित कागदावरच चुकलेले होते. सोळा गट दहा मिनिटांच्या अंतराने सोडले तर शेवटचा गट अडीच तासांनी निघतो, आणि नऊ होलला फोरबॉलला सव्वादोन तास लागतात. म्हणजे टक्कर ठरलेलीच. अंतर आठ मिनिटांवर आणले तर शेवटचा गट दोन तासांनी निघेल, पण पहिल्या पार थ्रीवर (तीन फटक्यांच्या छोट्या होलवर) गट साचतील, कारण चार जणांना ग्रीन मोकळे करायला आठ मिनिटे पुरत नाहीत. उपाय एकच: बारा गट, ४८ खेळाडू, त्यापुढे प्रतीक्षा यादी. शेवटचा गट आठ वीसला निघेल, पहिला पावणेनऊला परतेल, आणि मधली पंचवीस मिनिटे ही तुमची गंगाजळी. उरलेल्यांसाठी, विशेषतः नवख्यांसाठी, शनिवारी संध्याकाळी नऊ होलची वेगळी स्पर्धा घ्या. नऊ होलची कार्डेही हँडिकॅपला चालतात.

आमच्याकडे वेळ सर्वांत जास्त चेंडू शोधण्यात जात असे. शोधायला तीनच मिनिटे, हा नियम २०१९ पासून आहे, पण घड्याळ कोण पाहतो? आम्ही दोन गोष्टी केल्या. चौथ्या आणि सातव्या होलवर क्लबाच्या खर्चाने एकेक आगेवाला उभा केला. लाल झेंडी घेतलेला मुलगा, जो चेंडू कोठे पडला तेथे जाऊन उभा राहतो. त्याची दिवसाची मजुरी प्रवेश फीमध्ये माणशी वीस-पंचवीस रुपयांनी भागते. दुसरे असे की चेंडू हरवला किंवा कोर्सबाहेर गेला तर मागे चालत जाण्याऐवजी दोन स्ट्रोकचा दंड घेऊन फेअरवेच्या कडेजवळ ड्रॉप घेण्याचा स्थानिक नियम लावला. मोठ्या स्पर्धांसाठी तो नाही, आपल्यासारख्यांसाठीच आहे. शून्य पॉइंट निश्चित झाले की चेंडू उचलायचा, हेही स्टार्टरने पहिल्या टीवर प्रत्येक गटाला तोंडी सांगावे. तेथे हँडिकॅपसाठी नेट डबल बोगीच (पारपेक्षा दोन जास्त, अधिक त्या होलवरचे हँडिकॅपचे स्ट्रोक) धरली जाते, त्यामुळे उचलणाऱ्याचे काहीही बुडत नाही.

हिशेबनीसांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. चार कार्डांची अट शेतीवाल्या सभासदांना सुगीत जड जाते. आम्ही तीन महिन्यांऐवजी सहा महिने धरतो.

जाता जाता: कावळ्याने चेंडू उचलून नेला तर दंड नाही, अंदाजाने त्याच जागी दुसरा ठेवायचा, मात्र कावळ्यानेच नेला हे कोणीतरी पाहिलेले किंवा जवळजवळ निश्चित असले पाहिजे. आमच्याकडे एका वर्षी कावळ्यांची संख्या संशयास्पद वाढली होती.

प्रश्नकर्ता: नवा स्पर्धा सचिव

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. ४८ ची मर्यादा, छापील अटी, कार्डांचे टेबल आणि सहीचा स्थानिक नियम मंजूर झाला. सहा महिन्यांत चार कार्डे ही अट एका मताने निसटती वाचली. रोख पाकिटे बंद. त्या ज्येष्ठांना मी घरी जाऊन भेटलो. त्यांची शेवटची वीस कार्डे खरोखरच तीन वर्षांची निघाली, आणि ‘मला कोणी मागितलीच नाहीत’ असे ते म्हणाले, ते खरे आहे.

एक शंका उरली. दिवाळीनंतर चौघांच्या संघांची टेक्सास स्क्रॅम्बल (चौघेही मारतात आणि सर्वांत चांगल्या चेंडूच्या जागेवरून सगळे पुढचा फटका मारतात) घ्यायची आहे. आजवर आम्ही चौघांच्या हँडिकॅपची बेरीज करून तिचा दहावा भाग देत आलो. ते योग्य आहे का?

उत्तर: हिशेबनीस

जुनी आणि सोपी रीत आहे, पण तिच्यात कमी हँडिकॅपवाल्या खेळाडूचे वजन धरले जात नाही. आता शिफारस अशी आहे की सर्वांत कमी हँडिकॅपचे २५ टक्के, त्याच्या वरच्याचे २०, मग १५, आणि सर्वांत मोठ्याचे १० टक्के घ्यावेत. उदाहरणार्थ ६, १२, २० आणि २८ असा संघ असेल तर १.५, २.४, ३ आणि २.८ मिळून ९.७, म्हणजे १०. आपल्या रीतीने बेरीज ६६ आणि हँडिकॅप ७ आला असता. याशिवाय प्रत्येक खेळाडूचे किमान तीन ड्राइव्ह (टीवरचे पहिले फटके) वापरलेच पाहिजेत, अशी अट घाला आणि त्यासाठी कार्डावर वेगळा रकाना आखून घ्या. नाहीतर २८ वाला दिवसभर नुसता बॅगेजवळ उभा राहील आणि पुढच्या वर्षी येणार नाही.